मनःशक्ती आणि भौतिक वस्तू

स्नायूंचा किंवा कोणत्याही ज्ञात भौतिक साधनाचा आधार न घेता केवळ इच्छेच्या बळावर बाह्य वस्तूची गती वा स्थिती बदलता येते काय, याचा प्रायोगिक शोध परामानसशास्त्रात, म्हणजे मनाच्या कथित अलौकिक शक्तींच्या अभ्यासात, घेतला जातो. मनाचा स्वतःच्या शरीरावर होणारा परिणाम हा निराळा विषय आहे; पुणे जिल्ह्यात लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून चालवलेले योगविषयक संशोधन त्या दुसऱ्या प्रकारात मोडते.

या विषयातला आजही आदर्श वाटावा असा प्रयोग मायकेल फॅराडे यांनी १८५३ मध्ये केला. भोवती बसून हात टेकवले की टेबल आपोआप फिरते, असा त्या काळी इंग्लंडमध्ये बोलबाला होता. फॅराडे यांनी हात व टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट द्रव्याने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल स्वतःहून फिरले असते, तर खालचे थर आधी सरकले असते. प्रत्यक्षात वरचे थर पुढे गेलेले आढळले. बसणारे लबाडी करत नव्हते, आपले हात ढकलत आहेत याची त्यांना जाणीवच नव्हती. आपल्याकडे प्लँचेटची वाटी सरकते, तीही अशीच.

ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी १९३४ पासून फासे इच्छेप्रमाणे पडतात काय, याचे प्रयोग केले. हेल्मुट श्मिट यांनी १९६९ च्या सुमारास किरणोत्सारी ऱ्हासावर (अणूंच्या आपोआप होणाऱ्या विघटनावर) चालणारी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने निकाल देणारी, यंत्रे वापरली, त्यामुळे फासा टाकणाऱ्या हाताचा प्रश्नच उरला नाही. प्रिन्स्टन येथे रॉबर्ट जान यांनी १९७९ मध्ये काढलेल्या प्रयोगशाळेत एक भिंतीएवढे यंत्र होते: ३३० खुंट्यांमधून ९,००० गोळ्या घरंगळत १९ कप्प्यांत पडत आणि समोर बसलेली व्यक्ती त्या डावीकडे किंवा उजवीकडे झुकाव्यात अशी इच्छा करी. तेथील यादृच्छिक यंत्रांवर नोंदलेला फरक दहा हजारांत काही एवढाच होता. फरक इतका सूक्ष्म असला की यंत्रातला किंचित दोष किंवा अपयशी प्रयोग न छापण्याची सवयदेखील तो निर्माण करू शकते, आणि हाच या संशोधनावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. तीन प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात मूळ परिणाम मिळाला नाही. पुढे ३८० अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणात लहान अभ्यासांतच परिणाम मोठा दिसला; अपयशी प्रयोग न छापण्याच्या सवयीतून असेच चित्र उमटू शकते. प्रिन्स्टनची प्रयोगशाळा २००७ मध्ये बंद झाली.

अशा दाव्यांची परीक्षा कशी घ्यावी, याचा उत्तम नमुना पुण्यात आहे. त्याचा विषय फलज्योतिष होता. पण केवळ योगायोगाने किती यश मिळेल हे आधी ठरवून मगच मोजणी करण्याची पद्धत येथेही तशीच लागू पडते. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये हुशार व मतिमंद मुलांच्या प्रत्येकी १०० पत्रिका गोळा केल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, हे ज्योतिषांपासून गुप्त ठेवले. प्रत्येकी ४० पत्रिका पाहून २७ ज्योतिषांनी दिलेली सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर ठरली. नाणे उडवूनही निम्मी बरोबर आली असती.