खातोय, पण अंगाला लागंना

“खातोय बक्कळ, पण अंगाला लागंना बघ.” निपाणीची माझी आत्ती सहा वर्षांच्या नातवाविषयी वर्षभर हेच सांगत होती. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. कुणी दृष्ट काढली, कुणी जंताचं औषध दिलं. चपाती मागेल तेवढी मिळत होती.

आत्तीचं वाक्य शब्दशः खरं होतं. गिळलेलं अन्न रक्तात उतरतं ते मुख्यतः लहान आतड्यात. या नळीला आतून मखमलीसारखी लव असते. तिचा एकेक तंतू जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटरचा. या लवेमुळेच शोषणाला एवढी जागा मिळते. सिलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि लव झिजून सपाट होते. मग लोह, कॅल्शियम, चरबी नीट शोषली जात नाही. न शोषलेल्या चरबीमुळे शौच फिकट, तेलकट होतं, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं. आईला हे सगळ्यात आधी दिसतं, पण संकोचापायी डॉक्टरांना ती सगळ्यात शेवटी सांगते.

गव्हाचा हा दोष उघड झाला हॉलंडमध्ये. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे पाव मिळेनासा झाला आणि त्या भीषण उपासमारीतही सिलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा खालावली.

न शोषण्याची कारणं इतरही असतात: स्वादुपिंडाचे विकार, पित्ताची अडचण, जंतुसंसर्ग. म्हणून स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही फसव्या निघू शकतात.

नातवाला सिलिॲकच असल्याचं निदान झालं आणि गहू कायमचा सुटला. ज्वारी, तांदूळ, नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे आपल्या भागात हे पथ्य जमण्यासारखं आहे. अडचण येते ती गिरणीत: आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहतं आणि ज्वारीत मिसळतं. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बहुधा मैदा असतो.

आत्तीनं माळ्यावरचं दगडी जातं उतरवून घेतलं. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा ती पहाटे ज्वारी दळत होती आणि पोरगं शेजारी बसून मूठमूठ दाणे जात्यात सोडत होतं.