जुन्या कॉर्व्हेटचे डिस्क ब्रेक: मूळ ठेवायचे की बदलायचे, हा वाद कुठून आला

१९६५ च्या शेवरले कॉर्व्हेटचा ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा भाग, खोलून टेबलावर ठेवला, की या वादाचं मूळ समोर दिसतं. बोल्ट काढल्यावर बिडाचे दोन भाग सुटे होतात. प्रत्येकात दोन दट्टे आणि प्रत्येक दट्ट्यामागे एक बारीक स्प्रिंग. दट्टा ज्या गोल पोकळीत सरकतो त्या बोअरच्या तळाशी तपकिरी गाळ साचलेला असतो. तो पुसून आतून नख फिरवलं की मध्येच कुठेतरी अडकतं. तिथे गंजाचा खड्डा असतो.

डिस्क ब्रेकची कल्पना त्याहून बरीच जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते फ्रान्समधल्या १९५३ च्या ल मॉन्स या चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ती जिंकली, कारण चोवीस तासांत प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, दाबणारे) तापून ढिले पडत असताना तिचा चालक वळणाच्या खूप जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होता. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. पॅडल खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

अमेरिकेत मात्र इंजिनं आधी वाढली, ब्रेक मागे राहिले. १९६३ च्या कॉर्व्हेटचं शर्यतीसाठीचं झी-झीरो-सिक्स पॅकेज घेतलं तरी चारही चाकांना ड्रमच मिळत. त्यांचे धातूच्या भुकटीचे लायनर गरम झाल्याशिवाय नीट पकडत नसत. रोजच्या वापरात पहिला ब्रेक थंड ड्रमवरच मारायचा असतो, त्यामुळे तो उपाय शर्यतीपुरताच राहिला.

१९६५ मध्ये चित्र बदललं. कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क ब्रेक मिळाले, तेही जादा पैसे न मोजता. उलट ड्रमच हवे असतील तर ६४.५० डॉलर परत मिळत. ११.७५ इंच व्यासाच्या आणि मधून हवा खेळेल अशा पोकळ डिस्क, प्रत्येक चाकाला चार दट्टे, म्हणजे गाडीला एकूण १६. त्याच वर्षी ४२५ अश्वशक्तीचं ३९६ घनइंची इंजिनही आलं. ते ड्रमच्या भरवशावर चालवणं धाडसाचंच होतं.  चार दट्ट्यांच्या कॅलिपरचीच पद्धत त्या काळात १९६५ च्या फोर्ड मस्टँगला पुढच्या चाकांसाठी पर्याय म्हणून आली. १९६७ च्या शेवरले कॅमारोलाही पुढे असेच कॅलिपर मिळत, आणि झी-ट्वेंटीएट पॅकेज घेणाऱ्याला पुढचे डिस्क घ्यावेच लागत.

गाडी रोज चालत होती तोवर सगळं ठीक होतं. खरा त्रास सुरू झाला गाड्या उभ्या राहू लागल्यावर. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. तो ओलावा बिडाच्या बोअरमध्ये बसतो, गंज धरतो आणि गंजाचा खड्डा सीलची धार खातो. गाडी हिवाळाभर शेडमध्ये असते आणि उन्हाळ्यात एका चाकाच्या आतून तेल ओघळू लागतं. कॅलिपर ओव्हरहॉल करून नवे सील टाकले तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच, कारण खड्डा तसाच असतो.

दुसरी तक्रार याहून फसवी. थेंबभर तेल गळत नाही, तरी पॅडल मऊ पडतं. हवा काढली की चार दिवस बरं, मग परत तेच. दट्ट्यामागच्या स्प्रिंगमुळे पॅड सतत डिस्कला हलके टेकलेले असतात. डिस्क थोडीशी जरी वाकडी फिरली तरी ती दट्ट्यांना आत-बाहेर ढकलते आणि ओठासारखा सील प्रत्येक हालचालीत थोडी हवा आत घेतो. कारखान्यात डिस्क हबला रिव्हेट मारून बसवत आणि मग दोन्ही एकत्रच लेथवर घासून काढत, ते याचसाठी. नंतर कुणी रिव्हेट ड्रिलने काढून नवी डिस्क नुसती अडकवली आणि डिस्क किती वाकडी फिरते ते डायल गेज लावून पाहिलंच नाही, तर दोष कॅलिपरच्या माथी जातो.

म्हणून अनेकांनी मूळ संच काढून नवे कॅलिपर लावले. त्याच सुमारास मूळ भागांचं मोलही वाढत गेलं. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी आहे का, हे पाहिलं जातं. त्यात कॅलिपरवरची डेल्को मोरेन ही अक्षरंही आली. मधला मार्ग लेथवाल्यांनी काढला: मूळ बिडाचं बोअर मोठं करून आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह ठोकून बसवायची. बाहेरून १९६५, आत गंज न धरणारा पोलादी गुळगुळीतपणा. मला हाच मार्ग योग्य वाटतो. मूळ ओतकाम भंगारात गेलं की ते परत तयार होत नाही, आणि स्लीव्ह घातलेला कॅलिपर नव्याइतकाच भरवशाचा असतो.

एका भागाबाबत मात्र मी मूळपणाचा आग्रह धरणार नाही. पॉवर ब्रेक नसलेल्या १९६५ आणि १९६६ च्या कॉर्व्हेटच्या मास्टर सिलेंडरला, म्हणजे पॅडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणाऱ्या भागाला, एकच कप्पा आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७ च्या सगळ्याच गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी असे दोन कप्पे आले. गाडी रस्त्यावर आणणार असाल तर दोन कप्प्यांचा लावा, आणि जुना तेल पुसून कापडात गुंडाळून गाडीसोबतच जपून ठेवा.