ग्रीन बिल्डिंग आणि पायी फिरता येणारी वस्ती: या दोन गोष्टी वेगळ्या कशा पडल्या

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की सोलर पॅनल, डबल काचा, पावसाचं पाणी साठवायची टाकी असं सगळं डोळ्यासमोर येतं. पण ती बिल्डिंग उभी कुठे आहे आणि तिथे माणसं पोचतात कशी, हे खूप वर्षं कुणी मोजतच नव्हतं. असं का झालं ते समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

19व्या शतकापर्यंत शहरं दाटच असायची कारण बहुतेकांना पायीच जावं लागायचं, त्यामुळे खाली दुकान वर घर, शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच, कामाची जागा हाकेच्या अंतरावर. त्या दाटीत कॉलरा होता, धूर होता, तुंबलेली गटारं होती, त्यामुळे लोकांना मोकळ्या हवेत जावंसं वाटलं यात काहीच चूक नव्हती. 1898 मध्ये इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डने गार्डन सिटीची, म्हणजे बागा आणि शेतीच्या मधोमध वसवलेल्या छोट्या शहराची कल्पना मांडली ती याच तळमळीतून. पण त्याचं गावसुद्धा बऱ्यापैकी आटोपशीर होतं, 1,000 एकरात सुमारे 30,000 माणसं आणि भोवती शेती. पुढे बऱ्याच ठिकाणी लोकांनी त्यातली बाग तेवढी उचलली आणि आटोपशीरपणा सोडून दिला.

मग आलं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम. न्यूयॉर्कने 1916 मध्ये शहरभरासाठी असे नियम केले, आणि 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा नियमांना मान्यता दिली. त्या निकालात सुट्या घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क परजीवी म्हटलंय! कारखान्याचा धूर घरांपासून लांब ठेवणं समजू शकतं, पण त्याच नियमांनी किराणा दुकान, शाळा, दवाखाना, चार कुटुंबांची छोटी बिल्डिंग हेही घरांपासून लांब गेलं, आणि जी वस्ती शतकानुशतकं आपोआप तयार होत होती ती बऱ्याच भागांत बेकायदेशीर ठरली. माझ्या मते सगळ्या गोष्टीची खरी गाठ इथे आहे.

दुसरी गाठ पार्किंगची, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. ओहायोतल्याच कोलंबस शहराने 1923 मध्ये अपार्टमेंटसाठी पार्किंग सक्तीचं केलं आणि पुढे ही सक्ती ऑफिस, दुकानं सगळीकडे पसरली. आता हिशोब बघा, एक गाडी लावायला येण्याजाण्याची वाट धरून साधारण 300 ते 350 चौरस फूट लागतात. ऑफिसच्या दर 1,000 चौरस फुटांमागे 4 गाड्यांची जागा हा काही जगावेगळा नियम नाही, म्हणजे माणसांना बसायला 1,000 आणि गाड्यांना 1,200 ते 1,400! ती जागा जमिनीवर दिली तर बिल्डिंगा एकमेकींपासून लांब जातात आणि मग चालणंच अवघड होतं, बेसमेंटमध्ये दिली तर खोदकाम, काँक्रीट, स्टील, पंखे, दिवे, आणि यातला बराचसा कार्बन बिल्डिंग वापरात यायच्या आधीच हवेत गेलेला असतो. वर कितीही सोलर लावा, खालचं काँक्रीट ओतून झालेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊनमध्ये काही वर्षांत 17,000 च्या आसपास घरं झाली, 1956 मध्ये अमेरिकेने हायवेंच्या जाळ्याचा कायदा केला, आणि गाडीशिवाय जगता येणार नाही अशा वस्त्या नेहमीच्या होऊन गेल्या. 1961 मध्ये शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स या लेखिकेने याच्या उलट बाजू मांडली, छोटे ब्लॉक, जुन्या नव्या इमारती शेजारी शेजारी, रस्त्यावर दिवसभर माणसांचा वावर. ती हे शहराच्या जिवंतपणासाठी सांगत होती. एनर्जीचा विचार जोरात सुरू झाला 1973 च्या तेलसंकटानंतर, आणि नेमकं तिथेच दोन वाटा झाल्या. बांधकामवाले इन्सुलेशन, खिडक्या, एसी यांच्या मागे लागले, तर शहर नियोजनवाले रस्ते, बस, ट्राम यांच्या. एकमेकांचे आकडे कुणी एकत्र करून बघत नव्हतं.

1989 मध्ये पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्थी या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगातल्या 32 शहरांची तुलना केली आणि दिसलं की शहर जितकं दाट तितकं माणशी पेट्रोल कमी. यावर टीकाही झाली की पेट्रोलची किंमत आणि लोकांचं उत्पन्न यांचाही वाटा आहे, आणि ती टीका रास्त आहे, पण मूळ मुद्दा टिकला. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका हिशोबात तर असं निघालं की सरासरी ऑफिस बिल्डिंग स्वतः जेवढी एनर्जी वापरते त्यापेक्षा साधारण 30 टक्के जास्त तिथल्या लोकांच्या येण्याजाण्यात जाते. त्याच वर्षी लीड या ग्रीन रेटिंगने एका बिल्डिंगऐवजी अख्ख्या वस्तीला मोजायचा पायलट सुरू केला, त्यात जागा कुठे आहे, रस्ते चालण्याजोगे आहेत का, वस्ती आटोपशीर आहे का, हे आलं.

दाटपणा बिल्डिंगला थेट मदत करतो तो असा: सामायिक भिंतीतून उष्णता बाहेर जात नाही, माणशी पाइप, केबल, रस्ता कमी लागतो, आणि घरं जवळ असली की एकाच केंद्रातून सगळ्यांना गरम पाणी देणं परवडतं. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरातल्या वाउबानमध्ये हे सगळं एकत्र दिसतं. फ्रेंच सैन्याच्या जुन्या छावणीच्या जागेवर 1990 च्या दशकापासून वस्ती झाली, कमी ऊर्जेच्या घरांची सक्ती, गाड्या कडेच्या गॅरेजमध्ये, ट्राम दाराशी.

एक गैरसमज मात्र काढायला हवा, दाट म्हणजे टॉवर असं नाही. पॅरिसमध्ये बहुतेक सहा सात मजलीच इमारती आहेत तरी दर चौरस किलोमीटरला 20,000 च्या आसपास लोक राहतात. फार उंच गेलं की लिफ्ट, पंप, जास्तीचं स्टील यांचा बोजा वाढत जातो, शिवाय माणशी छप्पर कमी म्हणून सोलरही कमी.

अलीकडे जुने नियम मागे घेतले जातायत. अमेरिकेत बफेलोने 2017 मध्ये पार्किंगची सक्ती काढली. मिनियापोलिसने 2018 मध्ये एका प्लॉटवर एकच कुटुंब हा नियम काढायचा प्लॅन मंजूर केला, तर त्यावर पर्यावरणाच्याच कायद्याखाली केस झाली, 2022 मध्ये कोर्टाने प्लॅनची अंमलबजावणी थांबवली, आणि 2024 मध्ये राज्याच्या विधिमंडळाला अशा प्लॅनना त्या कायद्यातून सूट द्यावी लागली.