तडकलेले लाडू आणि खुर्च्यांची चळत

जुलैमध्ये भाचीच्या वाढदिवसाला मी 24 केकपॉप केले. त्यातले 17 तडकले. वरचं चॉकलेट छान गुळगुळीत बसलं होतं. पंधरा मिनिटांनी बघते तर काडीपासून वरपर्यंत केसासारखी चीर, आणि काहींच्या चिरेतून तेलकट थेंब डोकावणारा. वहिनी म्हणाली, "राहू द्या हो, मुलांना कुठे कळतंय." आई म्हणाली, "लाडवाला काडी टोचलीय, दुसरं काय आहे त्यात?" सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सल्ल्यांचा पाऊस पडला. एकीने सांगितलं, कंपाउंड चॉकलेट असेल, त्यात मेण असतं. दुसरीने सांगितलं, चॉकलेटमध्ये चमचाभर खोबरेल तेल घाल. तिसरीने एक जुना फॉरवर्ड पुढे ढकलला: चॉकलेटवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी, ताबडतोब फेकून द्या.

आईचं बरोबर आहे, तिथूनच सुरू करते. केकपॉप म्हणजे केकचा चुरा क्रीममध्ये मळून वळलेला लाडू, काडीवर खोचून चॉकलेटमध्ये बुडवलेला. 2008 च्या सुमारास अमेरिकेत अँजी डडली या ब्लॉगलेखिकेने तो घरोघरी नेला, 2011 मध्ये स्टारबक्सने तिथल्या दुकानांत ठेवला, आणि आता आपल्याकडेही वाढदिवसाच्या टेबलावर तो दिसतोच. आत लाडवाचंच तंत्र आहे. बेसनाचा लाडू गोठलेलं तूप धरून ठेवतं, रव्याचा लाडू पाक. केकपॉपमध्ये दोन्ही असतं: क्रीममधलं बटर गार झालं की घट्ट होतं, आणि साखरेचा ओलावा चुऱ्याला चिकटपणा देतो. वजनाने चार भाग चुरा आणि एक भाग बटरक्रीम इथून सुरुवात करावी. केक ओलसर असेल तर क्रीम त्याहून कमी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने दाबलं तर कडेला भेग पडू नये. क्रीम जास्त झालं की लाडू काडीवरून खाली घसरतो. तो दोष चॉकलेटचा नाही. आतल्या भागाबद्दल एवढं पुरे.

खरी गंमत वरच्या दीड मिलिमीटरच्या कवचात आहे.

चॉकलेटमध्ये कोकोची पूड आणि साखर हे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारी चरबी म्हणजे कोको बटर. कोणतीही चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड, हे शाळेत झालं: ग्लिसरॉलचा एक कणा आणि त्याला लटकलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. बहुतेक चरब्यांमध्ये अशा रेणूंचे असंख्य प्रकार असतात. त्या मानाने कोको बटर फार शिस्तीचं आहे. त्यातले बहुतांश रेणू तीनच प्रकारचे असतात आणि तिन्हींमध्ये मधली साखळी ओलेइक आम्लाची. कडेच्या दोन साखळ्या पामिटिक किंवा स्टिअरिक. त्यांची संक्षिप्त नावं पीओपी, पीओएस आणि एसओएस. (पीओपी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गणपतीची मूर्ती येते, त्याला माझा इलाज नाही.)

स्फटिकात हा रेणू खुर्चीसारखा उभा राहतो: दोन साखळ्या एका दिशेला, तिसरी उलट्या दिशेला. आता मंगल कार्यालय आठवा. जेवणं आटोपली की पोरं प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोळा करतात. घाई असेल तर कशाही फेकून ढीग करतात. तो ढीग खूप जागा खातो आणि धक्का लागला की कोसळतो. सवड असेल तर एकात एक घालून चळत लावतात, मग शंभर खुर्च्या एका कोपऱ्यात मावतात आणि चळत हलता हलत नाही. खुर्ची तीच, रचना वेगळी. कोको बटरचं अगदी असंच आहे. तेच रेणू सहा वेगवेगळ्या प्रकारे रचले जातात. 1966 मध्ये विल आणि लटन या संशोधकांनी या सहा रूपांना एक ते सहा असे रोमन आकडे दिले, ते आजही चालतात. पहिलं रूप साधारण 17 अंश सेल्सियसला वितळतं, दुसरं 23 च्या आसपास, तिसरं 25-26 ला, चौथं 27-28 ला, पाचवं 34 ला आणि सहावं 36 ला.

आपल्याला हवं ते पाचवं. ते चकाकतं, मोडताना कट् आवाज करतं, बोटांना चटकन लागत नाही आणि तोंडात मात्र विरघळतं, कारण तोंडाचं तापमान त्याच्या वितळणबिंदूच्या जरासं वर आहे. खालची रूपं मऊ, मळकट आणि अस्थिर. अडचण अशी की घाईत गार केलं तर आधी खालचीच रूपं तयार होतात. ढीग लावायला वेळ लागत नाही, चळत लावायला लागतो.

टेम्परिंग म्हणतात ते हेच. डार्क चॉकलेट 45-50 अंशांपर्यंत वितळवायचं, म्हणजे जुन्या सगळ्या रचना मोडतात. मग ढवळत ढवळत 27-28 पर्यंत आणायचं, तिथे चौथ्या-पाचव्या रूपाची बीजं तयार होतात. आणि मग, हा भाग मला फार आवडतो, परत 31-32 पर्यंत तापवायचं. या तापमानाला चौथं रूप टिकू शकत नाही, वितळून जातं. पाचवं टिकतं. म्हणजे नको असलेले ढीग उधळले आणि नीट लावलेल्या चळती तेवढ्या शिल्लक राहिल्या. बाकीचे रेणू थंड होताना त्याच चळतींवर येऊन बसतात. थर्मामीटर नसेल तर सोपी युक्ती: दोन तृतीयांश चॉकलेट वितळवायचं आणि उरलेलं किसून त्यात थोडं थोडं घालत ढवळायचं. दुकानातून आणलेल्या चांगल्या चॉकलेटमध्ये पाचव्या रूपाचे स्फटिक आधीच असतात. विरजण लावल्यासारखंच ते.

खोलात शिरायचंच असेल तर आणखी एक पायरी. खालच्या रूपांमध्ये साखळ्यांचे थर दोन साखळ्यांच्या लांबीने पुनरावृत्त होतात, पाचव्या-सहाव्यात तीन साखळ्यांच्या लांबीने. कारण ओलेइक साखळीला मध्यावर दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकते. वाकडी आणि सरळ साखळी शेजारी-शेजारी नीट बसत नाहीत. तीन लांबींच्या रचनेत वाकड्या साखळ्यांना मधला स्वतंत्र थर मिळतो, सरळ साखळ्या दोन्ही बाजूंना. हे क्ष-किरणांनी मोजता येतं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर पुढे जा, केकपॉप यावाचूनही होतात.

आता माझे 17.

सगळ्यात प्रचलित स्पष्टीकरण असं: लाडू फ्रीजमधून थंडगार काढला, कवच चढलं, मग आतली हवा गरम होऊन फुगली आणि कवच फुटलं. मलाही पटलं होतं. मग आकडे मांडले. 4 अंशांची हवा 30 अंशांना आली तर 277 केल्विनची 303 झाली, म्हणजे आकारमान वाढू दिलं नाही तर दाब सव्वानऊ-साडेनऊ टक्क्यांनी वाढेल, सुमारे साडेनऊ किलोपास्कल. पातळ गोल कवचात पडणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दुप्पट जाडी. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा लाडू आणि दीड मिलिमीटरचं कवच धरा, ताण येतो सुमारे 55 किलोपास्कल. नीट बसलेलं चॉकलेट मोडायला याच्या कितीतरी पट ताण लागतो. तेव्हा चिरेच्या बाबतीत हवा बिचारी निर्दोष. काडीशेजारच्या बारीक भोकातून तेलकट थेंब बाहेर ढकलायला मात्र एवढा दाब पुरतो. तो गुन्हा तिचा असू शकतो.

मग चीर कुणी पाडली? हिवाळ्यात तुपाच्या बरणीत बघा. तूप थिजलं की मध्ये खड्डा पडतो, कारण चरबी गोठताना आकसते. उलट वितळताना फुगते. फ्रीजमधल्या लाडवातलं बटर बरंचसं घट्ट असतं, 30 अंशांच्या स्वयंपाकघरात आलं की बहुतेक वितळतं आणि फुगतं. हवा दाबून घेता येते, तूप-लोणी दाबून घेता येत नाही. त्याच वेळी बाहेरचं चॉकलेट गोठत असतं, म्हणजे आकसत असतं. साच्यातून चॉकलेट सहज सुटतं ते याच आकसण्यामुळे, पण इथे आकसायला आतल्या लाडवाचा अडथळा आहे. लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतो, ती गार होताना आवळते आणि लाकूड घट्ट धरते. लोखंड तेवढं सहन करतं. चॉकलेट ठिसूळ, ते तडकतं. आणि तडकतं नेमकं काडीपाशी, कारण तिथे कवच अखंड नसतं.

फ्रीजचा दुसरा अपराधही आहे. 4 अंशांच्या गोळ्यावर चॉकलेट पडलं की आतल्या बाजूला ते इतक्या झपाट्याने गोठतं की खालची रूपं तयार होतात. तुम्ही मन लावून टेम्परिंग केलं, आणि शेवटच्या क्षणी खुर्च्या फेकून ढीग केला. ही रूपं पुढच्या काही तासांत-दिवसांत हळूहळू दाट रूपांकडे सरकतात आणि सरकताना आणखी आकसतात. रात्री अखंड दिसणारा केकपॉप सकाळी चिरलेला निघतो तो यामुळेही.

तिसरा अपराध पावसाळ्याचा. मुंबई-डोंबिवलीत जुलैमध्ये तापमान 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 च्या आसपास असतो. फ्रीजमधून निघालेला लाडू त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे बाहेर येताक्षणी त्यावर दव धरणार, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. हे पाणी चॉकलेटला शत्रू. थेंबभर पाण्याने चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं भांडं खडबडीत गोळा होऊन बसतं. अशा वेळी काहीजणी "पातळ करायला" आणखी चमचाभर पाणी घालतात. त्यातून सॉस होईल, कवच नाही.

आता सोसायटीच्या ग्रुपचं उत्तर. कंपाउंडमध्ये मेण नसतं. त्यात कोको पावडर, साखर आणि कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती-चरबी असते, बहुधा पामच्या बियांच्या गरापासून काढलेली आणि प्रक्रिया करून घट्ट केलेली. ही चरबी गार होताना आपोआप एकाच स्थिर रूपात बसते, म्हणून टेम्परिंग लागत नाही. चवीला ते डावं आहे आणि टाळूला जरा चिकटतं, हे मान्य. आरोग्यासाठी घेऊ नका म्हणालात तर मी वाद घालणार नाही, पण मग केकपॉपच कशाला? मे महिन्यात 33 अंशांच्या ओट्यावर खरं चॉकलेट घट्ट होणारच नाही, तिथे कंपाउंडच वापरावं. यात कमीपणा नाही.

खोबरेल तेलाचा सल्ला अर्धा बरोबर, आणि म्हणूनच घोटाळ्याचा. नारळ आणि पामच्या बिया, दोन्हींच्या चरबीत लॉरिक आम्ल हे आखूड साखळीचं मेदाम्ल भरपूर, एकाच घराण्याच्या. त्यामुळे कंपाउंडमध्ये चमचाभर खोबरेल तेल घातलं तर ते नुसतं पातळ होतं. कोको बटरच्या साखळ्या मात्र लांब. आखूड आणि लांब पायांच्या खुर्च्या एका चळतीत बसत नाहीत. मिश्रण दोघांच्या वितळणबिंदूंवरून वाटेल त्याहून कमी तापमानाला वितळतं, कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो त्याच तत्त्वाने. खऱ्या चॉकलेटमध्ये ते घातलं की कवच बोटाला लागणार. एकाच भांड्यात निम्मं चॉकलेट आणि निम्मं कंपाउंड घालणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि पांढरे डाग. बुरशीला पाणी लागतं आणि चॉकलेटमध्ये ते जेमतेम टक्काभर असतं. ती पांढरी साय म्हणजे बहुधा पाचवं रूप सहाव्याकडे सरकताना पृष्ठभागावर उगवलेले कोको बटरचे स्फटिक. कोमट बोट फिरवा, डाग पुसला जाऊन चकाकी आली तर चरबी. खरखरीत लागलं तर दवाने विरघळून पुन्हा बाहेर बसलेली साखर. दोन्ही निरुपद्रवी. हा, केकपॉपच्या आतला केक ओला असतो, तो पावसाळ्यात तीन दिवस बाहेर ठेवलात तर चिरेतून खरीच बुरशी येईल. ती लव असलेली असते आणि पुसून चकाकत नाही.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहा वनस्पती-चरब्या 5 टक्क्यांपर्यंत चालतील असा नियम केला. त्या यादीत आंब्याच्या कोयीची आणि साल नावाच्या झाडाच्या बियांची चरबी आहे, आणि आपलं कोकमाचं तेलही आहे. कोकणात ज्याला भिरंडेल म्हणतात, तेच. त्यात एसओएस हा कोको बटरचाच एक रेणू भरपूर असतो, त्यामुळे ते त्याच चळतीत बसतं आणि वितळणबिंदू वर नेतं. आजी ते तडकलेल्या टाचांना लावायची.

परवा पुन्हा 24 केले. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून लाडवात अर्ध्यापर्यंतच खोचलं. फ्रीजमध्ये वीस मिनिटंच ठेवलं, तेही डबा बंद करून, आणि बाहेर काढल्यावर दव जाईपर्यंत एसी लावून डबा तसाच बंद ठेवला. लाडू गार होता, पण बर्फासारखा नाही. चॉकलेट 31 अंशांवर. तीन तडकले. तिन्हींच्या काड्या भाचीने खोचल्या होत्या, आरपार.