सातत्यपूर्ण अवधान : मापन

कंटाळवाण्या कामावर बराच वेळ लक्ष टिकवणं म्हणजे सातत्यपूर्ण अवधान. बोलताना आपण सगळ्यालाच 'एकाग्रता' म्हणतो, ते इथे चालत नाही.

त्याच्या मापनाची सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. काही जण बूर्दों या फ्रेंच मानसशास्त्रज्ञापर्यंत मागे जातात, त्याची ठराविक अक्षरं खोडायची टेस्ट साधारण १८९५ची. हेन्री हेड या न्यूरॉलॉजिस्टने १९२३ मध्ये 'व्हिजिलन्स' (दक्षता) शब्द वापरला खरा, पण त्याच्या डोक्यात मज्जासंस्थेची सज्जता होती, टेस्ट वगैरे नाही. मग उरतो मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ. महायुद्धात पाणबुड्या शोधणारे रडार ऑपरेटर थोड्या वेळाने खुणा चुकवायला लागायचे, म्हणून केंब्रिजमध्ये त्याने एक घड्याळ बनवलं: आकडे नसलेली पांढरी तबकडी, काटा दर सेकंदाला एक टप्पा सरकतो, १०० टप्प्यांचा फेरा, आणि अर्ध्या तासात फक्त १२ वेळा दुप्पट उडी, ती दिसली की बटण दाबायचं, असं दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोक ढेपाळले (निबंध १९४८चा). वेळेबरोबर होणारी घसरण हाच मुद्दा धरला तर मॅकवर्थपासून सुरुवात मानणं जास्त पटतं, बूर्दोंच्या टेस्टमध्ये वेग आणि नजरेची शोधाशोधही मिसळलेली असते.

पण घसरण म्हणजे नक्की काय घसरतं? सिग्नल डिटेक्शन थिअरी (गोंधळातून खूण ओळखण्याचा सिद्धांत) आल्यावर दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, एक म्हणजे खूण ओळखायची क्षमता (डी-प्राइम) आणि दुसरी 'हो' म्हणायची तयारी. बऱ्याच कामांत माणूस फक्त सावध होत जातो, म्हणजे बटण कमी वेळा दाबतो. मानसशास्त्रज्ञ राजा परशुरामन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की आकृत्या भराभर येत असतील आणि आधीची लक्षात ठेवून तुलना करायची असेल तर क्षमताही खरोखर घटते.

दवाखान्यात सीपीटी (कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट) चालते, रोसवोल्ड आणि सहकाऱ्यांची, १९५६, मुळात मेंदूच्या इजेसाठी: 'ए'नंतर 'एक्स' आला तरच दाबा. १९९७ची 'सार्ट' (सस्टेन्ड अटेन्शन टू रिस्पॉन्स टास्क) उलटी, १ ते ९ मधल्या प्रत्येक आकड्याला दाबा, ३ सोडून. ती पाचेक मिनिटांतच संपते आणि ३ आला की सवयीने दाबणारा हात थांबवावा लागतो, त्यामुळे ती लक्ष मोजते की हात आवरणं, हा वाद अजून मिटलेला नाही.

भारतात निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) बॅटरीत, म्हणजे चाचण्यांच्या संचात, डिजिट व्हिजिलन्स टेस्ट आहे, कागदावरच्या आकड्यांमधले ६ आणि ९ खोडायचे, लागलेला वेळ आणि चुका मोजतात.