सम्टर ते मन्रो : अमेरिकी यादवीचे पहिले महिने

अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांना जेमतेम ४० टक्के मते मिळाली होती आणि दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा नाही, पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत मात्र ती पसरू द्यायची नाही, एवढीच त्यांच्या पक्षाची भूमिका होती. दक्षिणेतील मळेवाल्यांना तेवढीही मान्य नव्हती. कारण नवी राज्ये गुलामगिरीविना संघराज्यात येत गेली, तर सिनेटमधील आपले वजन कायमचे घटणार, हे ते ओळखून होते.

साउथ कॅरोलायना २० डिसेंबरला संघराज्यातून बाहेर पडले आणि फेब्रुवारी १८६१ उजाडेपर्यंत आणखी सहा राज्ये त्याच्यामागून गेली. राज्यांच्या हक्कांसाठी हे सारे घडले, असे पुढे आवर्जून सांगितले गेले. प्रत्यक्षात साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यातील मोठी तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरले, याचाच हा राग होता! फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या नव्या महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी तर मार्चमध्ये सव्हाना येथील भाषणात गोऱ्या आणि काळ्या माणसांतील विषमता हाच आपल्या राज्यव्यवस्थेचा पाया असल्याचे सांगून टाकले.

चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरील सम्टर किल्ला संघराज्याच्या ताब्यात होता. तेथील रसद संपत आली असताना १२ एप्रिलला पहाटे दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या आणि सुमारे ३४ तासांच्या माऱ्यानंतर मेजर रॉबर्ट अँडरसन यांनी किल्ला सोडण्याचे मान्य केले. लिंकन यांनी तीन महिन्यांसाठी ७५,००० सैनिक मागवताच व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये फुटली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर झाली आणि तेथील कापूस बाहेर जाणे अवघड झाले. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भडकले, त्याचे मूळ या नाकेबंदीत आहे.

गुलामगिरी असूनही डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही राज्ये मात्र संघराज्यात राहिली होती आणि त्यांना दुखावणे लिंकन यांना परवडणारे नव्हते. त्यामुळे हे युद्ध गुलामगिरी मोडण्यासाठी नाही, असा ठराव जुलैमध्ये बुल रनच्या लढाईत संघराज्याच्या सैन्याचा पराभव होताच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केला.

तोवर व्हर्जिनियातील, पण संघराज्याच्या ताब्यात राहिलेल्या मन्रो किल्ल्यावर या धोरणाला छेद गेला होता. दक्षिणेच्या तटबंदीच्या कामाला जुंपलेले तीन गुलाम मेअखेरीस रात्री पळून तेथे आले, तेव्हा जनरल बेंजामिन बटलर यांनी त्यांना परत देण्यास नकार दिला. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग फरारी गुलामांचा अमेरिकी कायदा तिला कसा लागू होईल, आणि शत्रूच्या कामी येणारी मालमत्ता तर युद्धात जप्त करता येतेच, असा हा वकिली युक्तिवाद होता. माणसाला मालमत्ता मानणारा कायदा त्यात मालकांवरच उलटवला होता. जुलैअखेर किल्ल्याच्या आश्रयाला सुमारे ९०० माणसे जमली. त्यांत बायका-मुले होती, म्हणजे हा युक्तिवाद त्यांना पुरा लागूही पडत नव्हता. ऑगस्टमध्ये काँग्रेसने शत्रूच्या युद्धकामाला जुंपलेल्या गुलामांवरील मालकांचा हक्क काढून घेणारा जप्तीचा कायदा केला. मिसूरीत जनरल फ्रेमाँट यांनी बंडखोरांच्या गुलामांना थेट मुक्त करण्याचे फर्मान काढले, तेव्हा लिंकन यांनी ते मागे घ्यायला लावले. पण लोक येतच राहिले आणि मार्च १८६२ मध्ये फरारी गुलाम परत करण्यास लष्करी अधिकाऱ्यांना कायद्याने मनाई झाली.