क्रोन्स रोगातील भगंदर : शस्त्रक्रियेनंतरचा सांभाळ (सोलापूर परिसर)

क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा रोग. तो असताना गुदद्वाराजवळ भगंदर, म्हणजे आतड्यातून कातडीपर्यंत फुटलेला पुवाचा मार्ग, झाले आणि त्यावर शस्त्रक्रिया झाली, तर पुढचे काही आठवडे, कधी काही वर्षे, जो सांभाळ करावा लागतो त्याविषयीची ही नोंद. साध्या भगंदरात ऑपरेशन झाले, जखम भरली, विषय संपला, असे बहुतेक वेळा होते. क्रोन्समध्ये ज्या आतड्यातून हा मार्ग फुटला ते आतडे ऑपरेशननंतरही आजारीच असते. म्हणून जखमेची निगा आणि आतड्याचे औषध ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवावी लागतात. यातले एक सुटले की दुसऱ्यावर केलेली मेहनत वाया जाते.

या रोगाचे वर्णन बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ साली केले. सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठे आतडे या तिच्या नेहमीच्या जागा. ती आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, त्यामुळेच पू बाहेर पडायला वाट काढतो आणि भगंदर तयार होते. साधारण चार रुग्णांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. भगंदर आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुताने ते आठ महागदांत, म्हणजे बरे व्हायला अवघड अशा आठ व्याधींत धरले होते. आपल्या भागात आणखी एक गुंता असतो. आतड्यांचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि त्यातही भगंदर होते. अनेक रुग्णांनी क्रोन्सचे निदान होण्याआधी क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स केलेला असतो, तो याच कारणाने.

ऑपरेशनमध्ये नेमके काय केले हे रुग्णाने आणि घरच्यांनी विचारून, कागदावर लिहून घ्यावे. क्रोन्समध्ये सर्जन बहुधा पू काढून टाकतो आणि भगंदराच्या मार्गातून सैल दोरा ओवून ठेवतो. याला सेटन म्हणतात. ‘ऑपरेशन केले आणि दोरा तसाच ठेवला’ म्हणून घरचे नाराज होतात, पण हा दोरा म्हणजेच उपचार आहे. तो बाहेरचे तोंड उघडे ठेवतो, पू आत साचत नाही, आणि शौच रोखून धरणारा स्नायू कापावा लागत नाही. हा स्नायू एकदा गेला की परत मिळत नाही. क्रोन्सच्या रुग्णाला जुलाब वारंवार होतात, त्यामुळे त्याला तो इतरांपेक्षा जास्त लागतो. ‘बिनऑपरेशन, हमखास गुण’ अशा पाट्या पाहून कुठे इंजेक्शन किंवा जाळणारे औषध लावून घेणे म्हणूनच घातक. क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेला दोरा ओवण्याची, आयुर्वेदाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि साध्या भगंदरात तिचा उपयोग अभ्यासांतून दिसलेला आहे. पण ते सूत्र मार्ग हळूहळू कापत जाते, आणि सुजलेल्या आतड्याशेजारी तसे कापणे धोक्याचे ठरू शकते. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर क्रोन्स असल्याचे वैद्यांना आधी सांगावे.

सुरुवातीच्या आठवड्यांत रोजचे मुख्य काम म्हणजे कोमट पाण्यात बसणे. कमोडवर ठेवायचा प्लास्टिकचा टब मेडिकलच्या दुकानात मिळतो. नसेल तर पसरट घमेले चालते, ते फक्त याच कामाला ठेवावे. दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा आणि प्रत्येक शौचानंतर. पाणी कोपराला सुखद लागेल इतपतच गरम. त्यात डेटॉल किंवा सॅव्हलॉन घालू नये, नव्याने भरणारे मांस त्याने भाजते. सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. त्यामुळे घरातल्या साठ्यातले रोजचे एक-दोन बादल्या पाणी या कामासाठी आधीच धरून ठेवावे. टंचाई आहे म्हणून शेक टाळणे हा काटकसरीचा चुकीचा मार्ग. जेट स्प्रेची धार थेट जखमेवर मारू नये, तांब्याने पाणी सोडावे. पुसताना घासू नये, टिपावे. टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात घरोघरी टेरी टॉवेल असतात, पण जखमेला नवा खरखरीत टॉवेल नको. वापरून मऊ झालेले, धुऊन उन्हात वाळवलेले सुती फडके उत्तम.

पू, पाणी, थोडे रक्त बरेच दिवस येत राहते. सेटन आहे तोवर ते थांबणार नाही, आणि थांबूही नये. कपड्यांसाठी सॅनिटरी पॅड वापरावे. पुरुषांना ते दुकानात मागायला संकोच वाटतो, तेव्हा घरातल्या कुणीतरी आणून द्यावे. दोऱ्याची गाठ टोचत असेल तर सर्जनला दाखवावी, ओढू नये. दोरा निघून आला तर घाबरण्याचे कारण नाही, पण त्याच दिवशी फोन करावा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावी. मेडिकलमधून मागून घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनने क्रोन्स उसळू शकतो. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येते, दारू पूर्ण वर्ज्य, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच कळवावे.

खाण्याबाबत सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. मूळव्याध किंवा साध्या भगंदराच्या रुग्णाला इसबगोल, कोंडा, पालेभाज्या भरपूर खायला सांगतात. क्रोन्समध्ये आतडे कुठे अरुंद झाले असेल तर तोच चोथा अडकून पोट फुगते. शेजाऱ्याचा पथ्याचा कागद म्हणूनच आपल्याला चालत नाही. सोलापूरकराला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सोडा म्हणणे जड जाते, आणि कायमचे सोडावे लागेलच असेही नाही. पण सुरुवातीला ज्वारीची मऊ भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, अंडी, पचत असेल तर ताक, असे खावे. चटणी जपून चाखावी आणि दाणा बारीक चावून खावा. जखम भरायला प्रथिने लागतात. आषाढीच्या सुमारास पंढरपूरच्या जिल्ह्यात घरोघर उपवास असतात, पण या काळात रुग्णाने उपवास धरू नये. विठ्ठलाला ते चालेल. रक्तातले लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, ही तिन्ही क्रोन्समध्ये कमी पडतात. सिगारेट आणि विडी पूर्ण बंद करावी, धूम्रपानाने क्रोन्स बळावतो.

जखम बरी वाटू लागली की औषधे बंद करण्याचा मोह होतो. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. भगंदर बंद होण्यासाठी सर्वाधिक आधार असलेले औषध म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब. ते सलाइनमधून सुरुवातीला शून्य, दोन आणि सहा आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी देतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सुरुवातीला गुण आलेल्या रुग्णांपैकी ५४ आठवड्यांनी हे औषध चालू ठेवलेल्या ३६ टक्के जणांची भगंदराची सगळी तोंडे बंद होती, औषधाविना १९ टक्के जणांची. फरक मोठा आहे, पण या आकड्यांतून धीर किती धरावा लागतो हेही कळते. हे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, कारण ते दबलेला क्षय जागा करू शकते. आता भारतात त्याची तुलनेने स्वस्त समरूपे मिळतात, तरी खर्च जड जातो. काही जण डोससाठी पुण्याला जातात. अडीचशे किलोमीटर दुचाकीवर किंवा खिळखिळ्या गाडीत बसून जाण्यापेक्षा रेल्वे बरी, मध्ये उठून फिरता येते.

कामावर कधी जायचे हे कामावर ठरते. पॉवरलूमवर पाळीभर उभे राहणाऱ्याला उन्हाळ्यात घामाने जखम ओली राहण्याचा त्रास होतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसातून दोनदा सुती आतले कपडे बदलावेत. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसतात. त्यांनी जाड मऊ उशी घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. मध्ये भोक असलेली गोल उशी नको, तिने जखमेच्या कडा ताणल्या जातात. या बायका दुखणे फार लपवतात. योनीमार्गातून वारा किंवा मळ येतो आहे असे वाटले तर तेही सांगायला हवे, कारण तिकडे मार्ग फुटला असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. पुरुष डॉक्टरांशी बोलवत नसेल तर स्त्री डॉक्टर मागण्यात संकोच करू नये.

ताप, थंडी वाजणे, एकाएकी वाढलेली ठणक, नवा गरम गोळा, लघवी अडणे, न थांबणारे रक्त यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. येणारा पू अचानक थांबला आणि ठणका सुरू झाला तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे, आत पू कोंडला आहे असे समजावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ताप कमी दिसतो, म्हणून साध्या कणकणीकडेही दुर्लक्ष नको.

भगंदर भरले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. बाहेरचे तोंड मिटते तरी आतला मार्ग एमआरआयमध्ये दिसत राहतो. दोरा कधी काढायचा हे सूज किती उतरली, औषधाला गुण किती आला यावर सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ मिळून ठरवतात. काहींना तो वर्षभर, काहींना त्याहून जास्त ठेवावा लागतो आणि तो घेऊन नोकरी, संसार चालतो. सूज अनावर असेल तर पोटावर शौचाची पिशवी लावून खालच्या भागाला विश्रांती देतात. अनेक वर्षे न भरलेल्या भगंदरात क्वचित कर्करोग होतो. त्यामुळे काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा ती जागा तपासून घ्यावी.